नऊ जणांचं कोडं

बेडरूमचं दार आपटलं, तशी अनुराधानं टेबलावरची काचेची बाटली उचलून खाली, पायाशी ठेवली.

इरा कोड्यात गुंतली होती. शाळेतून आलेला कागद होता. बेसबॉलच्या नऊ खेळाडूंची टोपणनावं, मैदानावरच्या नऊ जागा, आणि कोण कुठे उभा राहतो ते शोधायला थोडे संकेत.

"पिकल्स मास्क घालतो. सो ही इज द कॅचर. लिहू, आई?"

"खात्री असेल तर लिही. अंदाजानं नको."

शैलेंद्र येऊन खुर्चीत बसला. आखातातल्या मंदीत रास अल खोरच्या कंपनीनं कामावरून कमी केल्यापासून तो दिवसभर आतच असायचा. आज दाढी केलेली होती. त्यानं कागद ओढून घेतला. अनुराधानं इराची खुर्ची आपल्याकडे ओढली, पण तो हसला.

"फील्डिंग? मग मला विचारायचं ना. कॉलेजात मला काय म्हणायचे, माहितीये? डिंक! हाताला लागलेला कॅच सुटायचा नाही."

"डिंक!" इरा खिदळली. अनुराधाही हसली. घरात तिघं एकदम हसल्याला बरेच दिवस झाले होते.

त्यानं कागद उलटा करून पाठीवर मैदान काढलं. लांबट गोल, मधोमध पिच. मग तो एकेकाला उभं करत गेला. पिकल्स विकेटकीपर. मूस स्लिपमध्ये.

"देअर इज नो स्लिप..."

अनुराधानं टेबलाखालून इराचा गुडघा दाबला.

शैलेंद्रनं पेनाच्या टोकानं माणसं मोजली. पुन्हा मोजली.

"हे नऊच आहेत. बाकीचे दोघं कुठे गेले?"

"ओन्ली नाइन, बाबा."

"टीममध्ये अकरा असतात."

"दॅट्स क्रिकेट."

"म्हणजे दोघांना काढलं." त्याचा आवाज खाली आला. हा खालचा आवाज अनुराधाला चांगला माहीत होता. "कुणी काढलं? काय चुकलं होतं त्यांचं?"

"छापताना राहिले असतील," ती घाईनं म्हणाली. "अकराच असणार. इरा, अकरा लिही बघू."

इरानं तिच्याकडे पाहिलं. "बट आई, यू नो इट्स नाइन."

थप्पड इराच्या कानावर बसली. खुर्चीसकट ती भिंतीवर गेली. अनुराधा मध्ये शिरली, तेव्हा त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. पायाशी ठेवलेली बाटली लवंडून फुटली.

"अकरा असतात! म्हण! अकरा!"

तिनं म्हटलं. तोंडातल्या रक्तामुळे शब्द नीट उमटला नाही, म्हणून त्यानं परत म्हणायला लावलं.

बेल वाजली.

त्यानं केस सोडले, शर्ट सारखा केला आणि दार हातभर उघडलं. समोरच्या फ्लॅटमधली कुबरा उभी होती. हाताला पीठ तसंच.

"भाभी? सब ठीक है?"

"हां हां. बच्ची को गेम सिखा रहा था. थोडा शोर हो गया. सॉरी, हां."

"मैंने भाभी से पूछा है," कुबरा म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

एरवी याच वेळी आतून अनुराधाचं 'सब ठीक' यायचं. इरा भिंतीशी बसून, कानावर तळहात दाबून, आईच्या तोंडाकडे पाहत होती. कोड्यातल्या उत्तराची वाट पाहायची, तशीच.

अनुराधानं तोंड झाकायला ओढणी शोधली नाही. ते मनगटानं पुसलं.

"इरा, चपला घाल."

काचा चुकवत दोघी त्याच्या अगदी जवळून बाहेर पडल्या. तो बाजूला झाला नाही, आडवाही आला नाही. कुबरानं पिठाचा हात इराच्या पाठीवर ठेवून तिला आत घेतलं. समोरचं दार लागता लागता त्याचा आवाज आला. चढलेला नव्हता. खरंच काही न कळल्यासारखा.

"दोघी कुठे चाललात?"