वापरात नसलेल्या ओळी

अण्णांच्या कानातल्या यंत्राचा कोड, सगळ्यांचाच असतो तसा, कोडपेढीवर ठेवलेला होता. तिथे गुणवत्ता अहवाल स्वच्छ ठरल्याशिवाय नवी आवृत्ती कानात उतरत नसे, आणि जुनी उद्या बंद पडणार होती. त्यांच्या मुलीने, रेवतीने, अहवाल अपलोड केला. तो नापास होऊन परत आला: काही ओळी वर्षभर वापरात नाहीत, काढून टाका.

"कसल्या गं त्या?" अण्णांनी विचारलं. उभ्या हयातीत यंत्रमागांनी त्यांचे कान खाल्ले होते.

"गोंगाटातून आईचा आवाज वेगळा काढणाऱ्या."

अण्णांनी कानातलं यंत्र बोटाने चाचपलं. मग म्हणाले, "काढ. बहिरं होऊन कसं चालंल?"

रेवतीने ओळी काढल्या नाहीत. तिने एक चाचणी लिहिली. अहवाल बनताना वर्षापूर्वी गेलेल्या आईचं जुनं ध्वनिमुद्रण, "अवो, चहा गार व्हायलाय," त्या ओळींतून जाणार होतं. म्हणजे ओळी वापरात आल्या. तिने अहवाल पुन्हा बनवून अपलोड करायला घेतला.

चाचणी थेट कानातल्या यंत्रावर चालते, हे अण्णांना सांगायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

"आलो, आलो," म्हणत अण्णा उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन थबकले. परत येऊन खुर्चीत बसले.

"रेवती, हा अहवाल परत कधी पाठवायचा असतोय?"