एकेचाळिसावा भाग

संगणकाच्या पडद्यावर पाळणा उघडत होता, मिटत होता. खाली जमीन नाही, वर छत नाही. राखाडी पोकळीत तो एकटाच तरंगत होता. कुणी दिसत नव्हतं, तरी उघडमीट चालू होती.

चाळीस भागांचा घडीचा पाळणा. एक भाग दुसऱ्याला घासला, की सॉफ्टवेअर ती जागा लाल करतं. तिने सकाळपासून चौथ्यांदा तपासणी लावली. लाल काहीच झालं नाही. चुका : शून्य.

“अगं, चार वेळा शून्य आलंय. पाचव्यांदा काय लॉटरी लागणार आहे?” मागून विभागप्रमुख म्हणाले. डिझाइनमध्ये सगळेच त्यांना काका म्हणत. “जेवणाच्या सुट्टीआधी फाइल जाऊ दे. एकदा साचा कापला, की तुझी धाकधूक कुणाच्या कामाची नाही.”

धाकधूक तिची जुनीच. घरी बाळ झोपलं, की ती त्याच्या नाकापुढे हात धरून श्वास बघायची. आज सकाळी तर हद्दच केली. बाळाची मूठ हलकेच उलगडून त्याच्या बोटाला चक्क जाडी मोजायचा ऑफिसचा व्हर्नियर लावला.

“पोराला साच्यात घालणार आहेस की काय?” सासूबाई दारातून हसल्या.

ती ओशाळली. पण आकडा तळहातावर लिहून आणलाच. घामाने पुसट झाला होता, तरी वाचता येत होता. साडेआठ मिलिमीटर.

तिने नवा भाग काढला. इवलीशी नळी, टोकाला गोल, दोन ठिकाणी वाकणारी. ती बिजागरीजवळच्या फटीत ठेवली. बाळ ठेवील तशी, उगाच. मग पाळणा मिटायला लावला.

पाळणा संथ मिटू लागला, पाण्याखाली असल्यासारखा. उघडा असताना ती फट बारा मिलिमीटर. मिटल्यावर पाच उरते. भागाला भाग लागतच नाही, मग सॉफ्टवेअर बोलणार तरी कसं?

आता बोललं. नळी टोकापासून लालभडक झाली.

काका पडद्याजवळ वाकले. मग फोन उचलला, “साचा थांबवा,” एवढंच म्हणाले आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

नवा भाग आला, तशी भागांच्या यादीत नवी ओळ उघडली होती. रकाने भरल्याशिवाय ती जतन होईना. तिने भरायला घेतलं. भाग क्रमांक : एकेचाळीस. नाव : बोट. संख्या : दहा. शेवटच्या रकान्यापाशी तिचा हात थांबला. ‘बदली भाग’. वरच्या चाळीसही ओळींत तिथे एकच शब्द होता : उपलब्ध.

“सरक जरा,” काका म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत टाइप केलं : मिळत नाही.