पसाभर ज्वारी

आढ्याच्या कड्या रिकाम्या होत्या. पाळणा काढून भिंतीला टेकवून ठेवला होता.

डॉ. भिकचंद उंबऱ्यातच थबकले. विलायतेच्या तीन महिन्यांच्या मुक्कामानंतर ते नुकतेच धुळ्याला पोहोचले होते. सामान अजून टांग्यातच होतं. कोटाच्या खिशात बाळासाठी आणलेली लोकरीची टोपी होती. धुळ्याच्या उन्हात तिचा काय उपयोग, हे घेताना काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांची बायको सुगनबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाळ कुठे आहे, असं त्यांनी विचारलं, तर तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

डॉक्टरांची आई हीराबाई मध्ये आल्या. "त्याचं नाव या घरात काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "काही विचारू नकोस."

विचारायला उरलं तरी काय होतं? पहिला मुलगा गेला तेव्हाही हा पाळणा असाच उतरवला होता, आणि आई हेच बोलली होती.

तो पहिला मुलगा महिन्याचा असतानाच प्यायलेलं दूध ओकायला लागला. जठराचं आतड्याकडचं तोंड आवळून बंद झालंय, हे डॉक्टरांनी ओळखलं. शस्त्रक्रिया पुस्तकात वाचलेली होती. त्यांनी हत्यार उचललंही. पण पोटचं पोर समोर पाहून हात असा थरथरू लागला, की ते खाली ठेवावं लागलं. पोर गेलं. त्या दिवसापासून ते धड झोपले नव्हते.

म्हणूनच ते लंडनच्या मुलांच्या रुग्णालयात शिकायला गेले. बोटानं त्या आवळलेल्या तोंडाची बोराएवढी गाठ चाचपायची, वरचा स्नायू चिरायचा, आतल्या नाजूक अस्तराला मात्र धक्का लावायचा नाही. तिथल्या म्हाताऱ्या सर्जननं हे सगळं हाताला धरून शिकवलं. तिथल्या परिचारिकांना त्यांच्या नावाची भारी गंमत वाटे. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, की आधीची दोन भावंडं दगावली म्हणून आईनं आपल्याला जन्मल्याबरोबर परक्या बाईला देऊन टाकलं होतं. पोर या घरचं नाहीच, असं मृत्यूला वाटावं म्हणून. धोका टळल्यावर पसाभर ज्वारी देऊन, पदर पसरून, भीक म्हणून परत मागून घेतलं. म्हणून भिकचंद. सगळे पोट धरून हसले होते, तेही हसले होते. त्याच आठवड्यात मुलगा झाल्याची तार आली होती.

आता ते सगळं शिक्षण त्यांना विषासारखं वाटत होतं. कोणासाठी शिकून आलो, या एका प्रश्नानं त्यांचं डोकं फुटायची वेळ आली.

"दवाखान्यात एक बाई आजारी लेकरू घेऊन बसलीय," हीराबाई म्हणाल्या. "आधी तिकडे जा. टांगा सोडू नकोस."

"आज? आई, आज?"

"आत्ता."

या बाईच्या छातीत काळीज आहे की दगड, असं त्यांना वाटलं. पण घरातली ती मुकी रड त्यांना सोसवेना. ते तसेच टांग्यात जाऊन बसले.

दवाखान्याच्या ओसरीवर पांझरेकाठच्या खेड्यातली यशोदाबाई बसली होती. तिच्या मांडीवर फाटक्या धडुत्यात एक पोर होतं. काजळ गालांपर्यंत फासलेलं, कातडी म्हाताऱ्यासारखी सुरकुतलेली.

"दूध पेस नि बठ्ठं फेकी देस," ती म्हणाली. प्यायलेलं सगळं ते ओकून टाकत होतं.

डॉक्टरांनी पोटावर बोट ठेवलं. गाठ होती. तीच, बोराएवढी. नशीब आपली थट्टा करतंय, असं वाटून ते मागे सरले.

"आज माझ्याच्यानं होणार नाही, बाई. माझा स्वतःचा मुलगा…"

यशोदाबाईनं मान खाली घातली. "मंग मी हाऊ पोऱ्या कोठे लई जाऊ?"

तिला कुठेच जायला जागा नव्हती. मुंबईपर्यंत हे पोर टिकलं नसतं. डॉक्टरांनी कोट काढला. इतकं वाळलेलं पोर, टेबलावरच जाईल, हे पोराच्या आईलाच सांगायला हवं होतं. म्हणून त्यांनी विचारलं, "तुझंच ना हे?"

"आते मना पदरमा शे. मनाच म्हना." त्यातलं 'माझंच' एवढंच डॉक्टरांनी ऐकलं.

भूल देणाऱ्या ईथरचे थेंब पडले. डॉक्टरांनी हत्यार उचललं आणि हाताकडे पाहिलं. हात स्थिर होता. परक्याचं पोर म्हणून, हे त्यांना कळत होतं, आणि त्याची त्यांना शरम वाटली.

स्नायू उकलत असतानाच पोराचा श्वास थांबला. डॉक्टरांनी वाकून त्याच्या तोंडात हलकेच श्वास फुंकला, पुन्हा फुंकला. हेही जाणार, असं वाटून ते मनातल्या मनात कोणाकोणाच्या पाया पडले. मग पोरानं एक आचका दिला आणि बारीक सूर काढला.

दुपार कलल्यावर त्याला साखरपाणी पाजलं. ते पोटात राहिलं. थोड्या वेळानं दूध पाजलं, तेही राहिलं.

यशोदाबाई पहिल्यांदाच रडली. डोळे पुसून तिनं दवाखान्याच्या शिपायाला बाजूला बोलावलं आणि काहीतरी निरोप देऊन धाडलं. नवऱ्याला कळवत असेल, असं डॉक्टरांना वाटलं.

पोराचं डोकं गार लागत होतं. त्यांनी खिशातली लोकरीची टोपी काढली, क्षणभर मुठीत आवळली आणि त्या पोराच्या डोक्यावर चढवली. अगदी बरोबर बसली. मग मात्र त्यांचा बांध फुटला. ते खाटेच्या काठाला धरून ढसाढसा रडले.

दारात पावलं वाजली. सुगनबाई आत आली, मागून हीराबाई. दोघींपैकी कोणीही डॉक्टरांकडे पाहिलं नाही. हीराबाईंनी ओंजळ पुढे केली आणि पसाभर ज्वारी यशोदाबाईच्या ओटीत ओतली. सुगनबाईनं तिच्यापुढे गुडघे टेकून पदर पसरला.