सपाट रेघ

“ही बाटली तपासायला. आणि एवढ्यानं नाही भागलं तर हा कॅन,” धाकटी म्हणाली आणि तिने धापा टाकत कॅन प्रयोगशाळेच्या दारातच टेकवला.

ताईने संगणकावरून मान वर केली. “बाटली पुरते गं. मशीनला थेंबभर लागतं. सगळी गल्ली अंघोळ करेल एवढं कशाला आणलंस? आणि हा कॅन तर आमचाच दिसतोय.”

“तूच दिला होतास, घरी पाणी साठवायला. आता पुन्हा खेप नको म्हणून भरूनच आणला.”

“बरं, ठेव तिकडे खिडकीपाशी, आमच्या कॅनजवळ.”

धाकटीचा हात कुठेही गेला की आवराआवर करूनच परत येई. खिडकीपाशीही तिने जाता जाता चार वस्तू नीट लावल्या, मग स्टुलावर येऊन बसली. बसल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला.

गल्लीमागच्या रंगाच्या कारखान्यातलं काहीतरी नळाच्या पाण्यात उतरतंय, हे तिने कधीचं धरून ठेवलं होतं. तिच्या लेकीचं, चिमीचं, पोट सारखं बिघडत होतं. डॉक्टर म्हणत, मुलांचं होतं असं. नवरा म्हणे, तुला नसते उद्योग. सासूबाई नळाचं पाणी तिच्यासमोर घटाघटा पीत. धाकटी चिमीपुरतं पाणी विकत आणायची आणि त्यावरून घरात रोज धुसफूस व्हायची.

“तू सांगशील ते शेवटचं,” ती म्हणाली. “पाणी चांगलं निघालं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही.”

ताईला तिची कीव आली, थोडा रागही आला. ही लहानपणापासून अशीच. दुधावर साय दिसली तरी आत पाल पडली म्हणणारी. पण चिमीचं सुकलेलं तोंड ताईलाही दिसत होतं.

तिने काम लावायला घेतलं. काचेच्या करंगळीएवढ्या व्हायल मशीनमध्ये ओळीने लावायच्या. पहिली निळ्या टोपणाची, खिडकीपाशच्या कॅनमधल्या शुद्ध पाण्याची. बाकी नमुने पांढऱ्या टोपणांचे. शुद्ध पाण्यातही मशीनला थोडंफार काहीतरी दिसतंच. सॉफ्टवेअर ते ध्यानात ठेवतं आणि पुढच्या प्रत्येक नमुन्यातून वजा करतं. दुकानदार आधी रिकाम्या डब्याचं वजन करून घेतो ना, तसंच. वजा जाऊन उरेल ते नमुन्यातलं.

हे सगळं तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की अर्धं काम ती साहेबांशी फोनवर बोलतच करायची. आजही तसंच झालं. साहेबांना भलत्याच एका अहवालाची घाई होती. त्यांना “हो सर, हो सर” करत तिने व्हायल भरल्या. तुलनेला डब्याबरोबरच्या बाटलीतलं, स्वतःच्या घरच्या नळाचं पाणीही लावलं. धाकटी समोर बसून सगळं डोळे भरून बघत होती. मग चिमीची शाळा सुटायची वेळ झाली, तशी ती निघाली.

तिसऱ्या प्रहरी पडद्यावर निकाल आला. पाण्यात काही असतं तर रेघेवर उंचवटा आला असता. धाकटीच्या पाण्याची रेघ पट्टी धरून आखल्यासारखी सपाट होती. इतकी साफ रेघ ताईने क्वचितच पाहिली होती. तिच्या स्वतःच्या घरच्या पाण्याची रेघ मात्र मध्येच शून्याच्या खाली घसरली होती, खड्डा पडल्यासारखी. सॉफ्टवेअरला उंचवटे मोजायला सांगितलेलं, खड्डे नाही. त्याने दोन्ही नमुन्यांपुढे ‘आढळले नाही’ असं छापलं.

मशीन म्हातारं झालंय, ताई मनाशी म्हणाली आणि कागद पर्समध्ये घालून तडक बहिणीच्या घरी गेली.

“काही नाही पाण्यात,” तिने सर्वांसमोर सांगितलं. “माझ्या घरच्यापेक्षा तुमचंच पाणी सरस.”

“मी काय सांगत होतो?” धाकटीचा नवरा म्हणाला. सासूबाईंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. धाकटी आधी रडली, मग स्वतःलाच हसली. तिची खात्री पटावी म्हणून ताईने नळाखाली पेला भरला आणि एका दमात रिकामा केला. मलाही हवं म्हणून चिमीने हट्ट धरला, तीही प्यायली. कितीतरी दिवसांनी त्या घरात सगळे एकाच नळाचं पाणी पीत होते. ताईला बरं वाटलं. शिकल्यासवरल्याचं चीज झालं, असंही वाटून गेलं.

“तुझा कॅन तेवढा राहिलाय,” ती चपला घालताना म्हणाली. “उगाच ओझं उचलून आणलंस.”

धाकटी उद्याच्या शाळेसाठी चिमीची बाटली नळाखाली भरत होती. “उगाच कुठे? तुमच्या कॅनमधलं पाणी तळाला गेलं होतं, म्हणून मी तो मागे सारून माझा पुढे ठेवला. आणि फोनवर बोलता बोलता ती निळ्या टोपणाची पिटुकली बाटली तू त्यातूनच तर भरलीस.”