सहा नंबरची फट

“ताई, हा माउथपीस कुणी घासलाय?”

दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्याने तिच्या सॅक्सोफोनचा काळा माउथपीस खिडकीतल्या उजेडात धरला होता. ती नवीन माउथपीस बघायला आली होती. जुन्यात खोट असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. खोट आपल्यातच आहे, हे तिने कधीचंच मान्य करून टाकलं होतं.

“घासलेला नाही, काका. वापरून झिजला असेल.”

“झिजायला काय चप्पल आहे?” म्हातारा खेकसला. “हे बघा, अंगावर नंबर छापलाय सहा. म्हणजे रीड, ही वेताची पट्टी, आणि हे टोक यांच्यामधली फट दोन मिलिमीटरला जराशी कमीच हवी.” त्याने टोकाखाली मोजमापाचं निमुळतं पातं सरकवलं. “ही भरतेय अडीच. शिवाय एक कड दुसरीपेक्षा खाली. कानशीच्या रेघा तर नुसत्या डोळ्यांनी दिसतायत. फट मोठी, की छातीतली सगळी हवा ओतावी लागते, जबडा आवळावा लागतो. यावर किती दिवस वाजवताय?”

“बारा वर्षं.”

म्हाताऱ्याने तिला हात जोडले. थट्टेने नव्हे.

मग त्याने तीन माउथपीस तिच्यासमोर मांडले. पाच नंबरचा स्वर गोड होता, पण दार लावून घेतलेल्या खोलीतून यावा तसा. आठ नंबरचा सणसणीत लागला, पण चार ओळींत तिचा खालचा ओठ थकला. तिसरा सहाचा. तिच्याच बनावटीचा, तिच्याच नंबरचा, फक्त कानस न लागलेला. तिने मुद्दाम ती वरच्या स्वरांची जागा वाजवली, जिथे तिचा आवाज बारा वर्षं फाटत आला होता. स्वर सरळ वर गेला. तिने पुन्हा वाजवलं. आणखी एकदा वाजवलं. मग वाद्य खाली ठेवलं आणि किंमत न विचारताच पाकीट उघडलं. म्हाताऱ्याला वाटलं, बाईला आनंद झाला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तिच्या सॅक्सोफोनला नवऱ्याशिवाय कुणाचा हात लागत नसे. आठ जणांचा जॅझ बँड त्याचा. पहिला सॅक्सोफोन तो वाजवायचा, दुसरा ती. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी ती तालमीला परतली, तेव्हा तो म्हणाला होता, “आण तो माउथपीस, जरा साफ करून देतो.” दोन दिवस त्याने तो ठेवून घेतला. पुढच्याच आठवड्यापासून तिचे वरचे स्वर फाटायला लागले. “बाळंतपणात बायकांचा दम जातोच गं,” तो सगळ्यांदेखत, पाठीवरून हात फिरवत म्हणाला होता. तिच्या एकटीने वाजवायच्या जागा एकेक करून त्याच्याकडे गेल्या. ती रोज सकाळी धावली. पोटावर जाड पुस्तकं ठेवून श्वास मोजले. डॉक्टरांनी छाती तपासून काही झालेलं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा डॉक्टरच चुकले असं तिला वाटलं.

चार वाजता तालीम होती. ती गपगुमान आपल्या खुर्चीवर बसली. एकट्याने वाजवायची जागा आली. नवरा उठायच्या आत ती उठली आणि वाजवायला लागली. जाड्या ड्रमवाल्याच्या काठ्या हवेतच राहिल्या.

“आई शप्पथ, वहिनी!” ट्रंपेटवाला ओरडला.

नवऱ्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. त्याने थेट माउथपीसकडे पाहिलं. तिची उरलीसुरली शंका तिथेच संपली.

“सगळ्यांनी जरा चहाला जा,” ती म्हणाली. एरवी चहाला जाताना अर्धा तास घोळ घालणारी मंडळी अर्ध्या मिनिटात बाहेर पडली.

“कानस कुठली वापरलीस?”

“काय बोलतेयस तू?”

“लाकडाची की लोखंडाची? का माझी नखं घासायची? मला माहीत असू दे, बारा वर्षं कशाच्या जिवावर तू पहिल्या खुर्चीवर बसलास ते!” तिचा आवाज चिरला. “सगळ्यांसमोर माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास. लाज नाही वाटली?”

तो खाली बसला.

“खुर्चीसाठी नव्हतं केलं,” तो म्हणाला. “बाळंतपणानंतर तू परतलीस ना, त्याच आठवड्यात एका प्रवासी जहाजावरच्या बँडचा मुख्य आला होता ऐकायला. उंच, टकला. त्याने मला बाजूला घेतलं आणि तुला मागितलं. दोन वर्षांचा करार. मुलीला आणि तुझ्या आईलाही सोबत न्यायची तयारी होती त्याची. महिन्याने पुन्हा ऐकायला येतो म्हणाला. आला तेव्हा...”

“तेव्हा मी फाटत होते.”

“हो. त्याने कार्ड दिलं, म्हणाला, सूर परत आला तर कळवा. ते अजून आहे माझ्याकडे. फाडवलं नाही.” त्याने मान वर केली. डोळे भरले होते. “मी घाबरलो होतो. तू गेली असतीस.”

तिने सॅक्सोफोन सुटा केला, फडक्याने आतून पुसला, पेटीत ठेवला. त्याच्याकडे वळली तेव्हा तिचा आवाज अगदी शांत होता.

“तेव्हा एका शब्दाने विचारलं असतंस, तर मी नाही म्हटलं असतं. तुझ्या शेजारची खुर्ची सोडून मला कुठेच जायचं नव्हतं.”

त्याच्या चेहऱ्यावर जराशी आशा दिसली. तो उठून उभा राहिला.

तिने हात पुढे केला. “आता ते कार्ड दे.”