शिकवणी

"मणक्याचं ऑपरेशन मोठं आहे. छातीत दम नसेल तर नंतर न्यूमोनिया होतो," असं म्हणत डॉक्टरांनी ह्यांच्या हातात श्वास ओढायचं तीन बॉलचं यंत्र दिलं. "महिनाभर रोज करा. तिन्ही बॉल वर चढले, तरच तारीख देईन."

घरी येताच ह्यांनी ते कपाटावर टाकलं. "पोरखेळ नुसता."

दुसऱ्या दिवशी जप आटोपून मी ते घेऊन ह्यांच्यासमोर बसले. एकही बॉल हलला नाही.

"अगं, फुंकतेस काय? ओढायचं असतं. आण इकडे."

मग महिनाभर माझी रोज शिकवणी झाली. माझा दुसरा बॉल काही जागचा हलला नाही.

तपासणीच्या दिवशी ह्यांनी तिन्ही बॉल झरकन वर नेले. डॉक्टर खूश झाले. "काका, नेमाने केलंत की."

"छे हो, हिला शिकवत होतो. हिला मेलं काही जमतच नाही."

ऑपरेशन नीट पार पडलं. सिस्टरने मला बाजूला घेतलं. "काकू, उद्यापासून काकांनी चालायला हवं, नाहीतर पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. ऐकतील ना?"

"ऐकायचे नाहीत, पण शिकवतील," मी हळूच म्हणाले. "उद्यापासून मी चुकीचं चालणार आहे."