मुका भोपळा

तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तबलीचं लाकडी झाकण चिकटवण्याआधी आत हाक मारून तो घुमतो का ते पाहायचं, ही हुडकेश्वरच्या हेमराजची रीत. हाक मारायची त्याची बायको, प्रणाली. यंदा तिनं हाक मारली, तर आत काहीच घुमलं नाही.

"मुकाच निघाला वं हा!" असं हसत म्हणून त्यानं तबली चिकटवून टाकली.

तेव्हापासून प्रणालीच्या तोंडून शब्द फुटला नाही. शहरात सदर भागातल्या डॉक्टरांनी मात्र तिच्या घशाला पैकीच्या पैकी गुण दिले.

आज पॉलिश करताना तंबोऱ्यातून तिचा आवाज आला, "अजी, उघडा ना मले!"

हेमराजनं रडत रडत पटाशीनं तबली उखडली. आत काहीच नव्हतं.

छताला न कापलेले भोपळे सुकत टांगले होते. प्रणालीच्या आवाजात ते सगळे एकदम म्हणाले, "तिथं नाही जी, इकडे."